‘तुम्ही बसा!’

वडीलधाऱ्या माणसांविषयीचा आदर आणि प्रेम व्यक्त करण्याचे आपल्याकडे एक ठरलेले वाक्य आहे : ‘तुम्ही बसा!’ आजोबांनी पिशवी उचलली की ‘तुम्ही बसा, मी आणतो.’ आजी पाण्याची कळशी घ्यायला वाकली की ‘तू बस गं, आम्ही आहोत की!’ लग्नघरी तर म्हाताऱ्या माणसाला एक खुर्ची दिली की यजमानाचे कर्तव्य संपले. या वाक्यामागची भावना चांगली असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु दिवसातून दहा वेळा, वर्षाचे बाराही महिने हे वाक्य ऐकणारा माणूस शेवटी खरोखरच बसतो; आणि एकदा बसला की त्याला पुन्हा उठवणे फार कठीण होऊन बसते. म्हणून हे वाक्य आपण घरात शक्य तितके कमी उच्चारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

(बसमधली जागा मात्र द्यावी. हा लेख वाचून कोणी एखाद्या वृद्ध गृहस्थांना खानापूरपर्यंत उभे ठेवले, तर ती जबाबदारी माझी नाही.)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात परीक्षापद्धती, बेकारी, प्रेम, फार तर सीमाप्रश्न असे विषय सोडून हा म्हातारपणाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, घरातल्या वृद्धांच्या हातातली पिशवी काढून घेणारे हात बहुधा आपलेच असतात. वडील नोकरीवर, आई स्वयंपाकघरात. दुपारी घरी असतो तो कॉलेजातून आलेला मुलगा किंवा मुलगी. शिवाय हा थोड्या लोकांचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ आणि साठाच्या वरची माणसे १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. त्यानंतर ती संख्या वाढलीच आहे.

आता ‘बसणे’ इतके वाईट का? वय वाढले की स्नायू आपोआप झिजतात, हे खरे. पण पडून राहिल्याने ते किती वेगाने झिजतात, हे ऐकले की दचकायला होते. अमेरिकेत काही निरोगी वृद्धांना (त्यांचे सरासरी वय ६७) दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस कमी झाले होते. हे लोक आजारी नव्हते, त्यांना काही झालेले नव्हते, ते फक्त पडून होते. आपल्या घरी साधा ताप आला तरी आजोबांना पंधरा दिवस ‘आता पूर्ण विश्रांती’ असते.

याच्या उलट बाजूचा प्रयोग त्याहून जुना आणि अधिक आनंददायक आहे. १९९० साली बॉस्टनमधील संशोधकांनी एका वृद्धसंस्थेतील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांचा जोर वाढवणारा व्यायाम दिला, तोही वजने लावून. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! म्हणजे ‘आता या वयात काय होणार’ हे जे आपण म्हणतो, ते शास्त्राला धरून नाही. ती आपली समजूत आहे, आणि बऱ्याच वेळा ती आपल्या सोयीची समजूत आहे.

मांडीच्या शक्तीचे एवढे कौतुक कशासाठी? म्हाताऱ्या माणसाला कुस्ती थोडीच खेळायची आहे? नाही. त्याला संडासात बसून कोणाचा हात न धरता उठायचे आहे. एवढेच. ज्या दिवशी हे जमेनासे होते त्या दिवसापासून माणूस परावलंबी होतो, आणि त्याची लाज त्याला किती वाटते हे तो कोणाला सांगत नाही. तो पाणी कमी पितो, जेवण कमी करतो, बाहेरगावी जाणे टाळतो. घरच्यांना वाटते, वयामुळे भूक गेली.

आमच्या घरचेच सांगतो. आमचे आजोबा शहापुरातले. तरुणपणी हातमागावर बसत. पायांखालच्या पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा, असे दहा-दहा तास. पुढे यंत्रमाग आले, मग तेही सुटले. पण सकाळी कपिलेश्वराचा पूल ओलांडून गणपत गल्लीपर्यंत चालत जाऊन भाजी आणण्याचा त्यांचा नेम मात्र सुटला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आषाढात अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, फक्त कंबर आठवडाभर दुखली. पण घरात वडील आणि काका यांची बैठक भरली आणि ठराव मंजूर झाला : बाजार बंद, माडीचा जिना बंद, विहिरीकडे जाणे बंद. पुढच्या खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची आली आणि आजोबांच्या हातात दूरदर्शन संचाचा रिमोट आला. मी तेव्हाही या ठरावाच्या विरुद्ध होतो. पण बारावीतल्या मुलाच्या मताला किंमत ती किती?

तीन महिन्यांत जे घडले ते आम्ही सर्वांनी पाहिले. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हात टेकून दोन-तीनदा पुढेमागे झुलू लागले. दुपारी डुलक्या, त्यामुळे रात्री झोप नाही, त्यामुळे झोपेच्या गोळीची मागणी. कोथिंबिरीच्या पेंडीचा भाव तोंडपाठ असणारा माणूस आज वार कोणता म्हणून विचारू लागला. एके दिवशी वडील कामावर गेल्यावर त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. आजीने हटकले तेव्हा म्हणाले, “अगं, मी काय परदेशात चाललोय काय? कोथिंबीर आणायला चाललोय की!” दीड तासाने कोथिंबीर आणि तीन घरांच्या बातम्या घेऊन ते परत आले. त्यानंतर नेम पुन्हा सुरू झाला. आता हातात काठी असते आणि पावसाळ्यात गणपत गल्लीऐवजी गल्लीच्या तोंडापर्यंतच जाणे होते. सुट्टीच्या दिवशी मी सोबत असलो तर पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात आणि एक माझ्या. वडिलांना हे अजूनही पसंत नाही. हा वाद आमच्या घरात मिटलेला नाही.

वडिलांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वांत मोठे. खुब्याचे हाड मोडलेला माणूस पूर्वीसारखा चालू लागतोच असे नाही. पण पडू नये म्हणून माणसालाच बसवून ठेवायचे, हा उपाय उलटा आहे. कारण बसून राहिल्याने पाय अशक्त होतात आणि अशक्त पायांचा माणूस अधिक पडतो. आमच्या अंगणात दोष आजोबांचा नव्हता, शेवाळाचा होता. बेळगावचा पाऊस चार महिने फरशीला वाळू देत नाही. तेव्हा खराट्याने आणि चुन्याच्या निवळीने अंगण घासून काढणे, मोरीत पाणी साचू न देणे, न्हाणीघरात भिंतीला एक दांडी बसवणे, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवणे, झिजलेल्या स्लिपरा फेकून देणे, हे घरच्यांचे काम. आणि रात्री जाग आल्यावर एकदम न उठता काठावर मिनिटभर बसून मग उभे राहणे, हे वृद्धांचे काम. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तर एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

तोल सांभाळण्याचाही सराव करता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्या लोकांसाठी आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचे व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या शक्तीचे व्यायाम सांगितले आहेत. ऐकायला भारी वाटते, करायला अगदी सोपे. ओट्याला किंवा खिडकीच्या गजांना धरून दहा श्वास एका पायावर उभे राहावे, मग दुसऱ्या. हात न टेकता खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठावे-बसावे. न जमल्यास हात टेकून. दूध तापेपर्यंत दोन्ही होऊन जाते. याला पोशाख लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही.

जमिनीवर बसण्याचेही तसेच. ब्राझीलमधील डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून उठायला सांगितले, हात किंवा गुडघा टेकला की एकेक गुण कापला, आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ साली त्यांनी कळवले की, ज्यांना कमी गुण होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक होते. याचा अर्थ जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा मात्र कोणी काढू नये. ज्याचे अंग मुळातच सुदृढ आहे त्यालाच हे जमते, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. माझे म्हणणे इतकेच की, आपल्या घरी पाटावर जेवायची, देवापुढे बसायची, जमिनीवर भाजी निवडायची जी रीत होती, तिच्यात दिवसाकाठी पंधरा-वीस उठाबशा आपोआप घडत. जेवणाचे टेबल आले आणि त्या गेल्या. ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा बदलले आहेत त्यांनी जमिनीच्या वाटेला जाऊ नये. डॉक्टर सांगतील तेच करावे. पण ज्यांना अजून बसता येते त्यांच्यापुढे उगाच स्टूल सरकवू नये. आणि हा लेख वाचून कोणी आपल्या आजीची गंमत म्हणून परीक्षा घेऊ नये.

चालण्याविषयी मला एक खुलासा करावयाचा आहे. रोज दहा हजार पावले चालायलाच हवीत, असे आता मोबाईलमध्ये बघून सगळेच सांगतात. हा आकडा कोणत्याही वैद्याने दिलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. तेथून तो आकडा रूढ झाला. २०१९ साली सरासरी ७२ वर्षे वयाच्या जवळजवळ सतरा हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४४०० पावले चालणाऱ्या स्त्रिया २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बऱ्याच चांगल्या स्थितीत आढळल्या, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा वाढीव फायदा दिसला नाही. सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पांढरे बूट घालून झपाझपा चालणारी मंडळी पाहून मला आनंदच होतो. पण तेथे जाऊ न शकणाऱ्या म्हातारीने मनात कमीपणा बाळगण्याचे कारण नाही. दूध आणणे, देवळात जाणे, दुपारी शेजारी डोकावणे, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे हेही चालणेच आहे. पावसाळ्यात सोप्यातल्या सोप्यात घातलेल्या फेऱ्याही चालतात.

किती जोराने चालावे? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही साधी खूण. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात बलवानानेसुद्धा व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे, आणि वृद्धांनी तो टाळावा असेही सांगितले आहे. पहिला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्याच्या बाबतीत मी आधुनिक वैद्यकाच्या बाजूला आहे. त्या काळी व्यायाम म्हणजे घाम गाळणारे श्रम असे धरले असावे. पिशवी घेऊन बाजारात जाणे वाग्भटाला व्यायाम वाटलेच नसते. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे. आयुष्य काढले पुण्यात. आपल्या या दोन भाषांच्या अंकात त्यांचे नाव घ्यायला कोणाची हरकत नसावी. खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी विटा यांचा आधार देऊन त्यांनी आसने अशक्तांच्या आणि वृद्धांच्या आवाक्यात आणली. बेल्जियमच्या (बेळगावच्या नव्हे!) राणी एलिझाबेथ ऐंशीच्या घरात असताना त्यांच्याकडून शीर्षासन शिकल्या. आपल्या आजीला शीर्षासन नको. पण खुर्चीचा उपयोग नुसते बसण्यापलीकडेही असतो, हे त्यावरून घ्यावे.

खाण्याबद्दल थोडक्यात. म्हातारपणी अन्न कमी हवे, ही समजूत अर्धीच खरी. चुलीपुढचे आणि शेतातले श्रम कमी झाले म्हणजे भात कमी चालेल. पण स्नायू टिकवायला डाळ, उसळ, दूध, दही, चालत असेल तर अंडे-मासळी ही उलट नेमाने हवीत. प्रत्यक्षात दात पडलेल्या माणसाच्या ताटात काय असते? मऊ भात, आणि दिवसातून चार वेळा चहा-टोस्ट. त्याला घट्ट वरण, शिजवून घोटलेली उसळ आणि एक तर कवळी, एवढे दिले तरी पुष्कळ झाले. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याच्या आत, हे लोणचे-पापडवाल्या आपल्या घरांत कठीण आहे. पण निदान ताटात वेगळे मीठ वाढू नये. आणि वय झाल्यावर तहानच कमी लागते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दिवसाउजेडी पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी माप ठरवून दिले असेल तर तेच माप.

येथपर्यंत वाचून माझी एखादी वर्गभगिनी विचारील, “आयुष्यभर राबलेल्या बाईला म्हातारपणीही राबवायचे काय?” प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजात निवृत्तीची तारीख आजोबांना असते, आजीला नसते. अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी आजोबांना हार-नारळ मिळतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम उरत नाही. आजीला हार कधीच मिळत नाही आणि काम कधीच संपत नाही. सीमेवरच्या खेड्यांतल्या बायका तर सत्तरीतही वाकून भाताची लावणी करतात. त्यांना कोणी उठून चालण्याचा उपदेश करू लागला तर त्या हसतील, आणि हसावेच. तेव्हा ‘बसा’ म्हणू नका याचा अर्थ ‘राबा’ असा नव्हे. सून नोकरीवर जाते म्हणून दोन नातवंडे, धुणे आणि दोन वेळचा स्वयंपाक आजीवर टाकायचा आणि वर ‘हालचाल चांगली असते’ म्हणायचे, ही निव्वळ लबाडी आहे. काम आपल्या मर्जीने करायचे, आपल्या वेगाने करायचे आणि नको असेल तेव्हा सोडायचे, एवढी मोकळीक असेल तरच ते अंगी लागते. माझ्या मते आजोबांना घरातले एखादे नेमून दिलेले काम हवे असते, आणि आजीला रोज एक बिनकामाचा तास. त्या तासात तिने भजनाला जावे, ओट्यावर गप्पा माराव्यात, नाहीतर निवांत बसावे. तिला मात्र ‘तू बस’ म्हणायला माझी हरकत नाही.

गप्पांना मी आरोग्याच्या सवयींत मुद्दाम धरतो. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्यांत ऐकू कमी येणे ही एक आहे आणि एकलकोंडेपणा ही दुसरी. या दोहोंचा संबंध आपल्या घरात रोज दिसतो. आजोबांना नीट ऐकू येत नाही, ते भलतेच उत्तर देतात, मुले हसतात. दोन-चार वेळा असे झाले की ते बोलणेच सोडतात. मग आपण म्हणतो, स्वभाव फार अबोल झाला आहे हो. चष्म्याला आपण लाजत नाही, मग कानाच्या यंत्राला कशाला लाजायचे? दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एकदा त्यांना कान तपासायला घेऊन जा. पुष्कळदा नुसता मळ निघतो आणि काम भागते. यंत्र लागले तर पहिला महिना ते डबीतच पडून राहील; भांड्यांचा आवाज नको इतका येतो म्हणून तक्रार होईल. तोवर समोर बसून, तोंडाकडे बघू देऊन, न ओरडता सावकाश बोलावे.

आमच्या समोरच्या घरातली म्हातारी कानडी बोलते, आमची आजी मराठी. कानडीत अज्जी, मराठीत आज्जी. त्यामुळे आम्हा मुलांना दोघींना हाक मारायला एकच शब्द पुरतो. रोज रात्री आठच्या सुमारास ती खिडकीतून विचारते, “ऊट आयता?” आणि आमची आजी मराठीतून काय जेवली ते सविस्तर सांगते. वर्षानुवर्षे हे असेच चालले आहे. परवा आजी तापाने लवकर झोपली होती आणि खिडकीतून उत्तर गेले नाही. पाच मिनिटांत काठी टेकत, आमच्या दगडी पायऱ्या एकेक चढत ती म्हातारी दारात उभी. माझी आई लगबगीने पुढे झाली आणि म्हणाली, “अज्जी, तुम्ही कशाला आलात? बसा, बसा!” ती बसली नाही. आत जाऊन आजीच्या कपाळावर हात ठेवला, आईला पेज टाकायला सांगितली आणि आल्या पायऱ्या उतरून घरी गेली.